अस्वलांच्या प्रदेशात कॅम्पिंग : खाणं कुठे, कसं आणि किती लांब ठेवायचं?

कातळकडा

मे उजाडला की अमेरिकेतल्या योसेमिटी, यलोस्टोन, ग्लेशियर, स्मोकी माउंटन्स या नॅशनल पार्कांची बुकिंग झालेली मंडळी इथे विचारायला लागतात. उत्तरं दहा धाग्यांवर विखुरलेली असतात, म्हणून हा धागा एकाच गोष्टीसाठी उघडतोय : कॅम्पवर खाण्याचं सामान ठेवायचं कसं. लॉकर, डबा, दोरी, पिशवी, सगळं इथे येऊ द्या. अस्वल समोर आलं तर काय, हे ओघात आलं तर ठीक, पण तो मुख्य विषय नाही.

सुरुवातीलाच एक लक्षात घ्या. नियम पार्कागणिक वेगळे आहेत, कारण प्राणी आणि जमीन वेगळी आहे. कॅलिफोर्नियात (योसेमिटी तिथलंच) आता फक्त काळं अस्वल उरलंय (रंगाने ते बरेचदा तपकिरी असतं, त्यावरून ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल, समजू नका, ग्रिझली तिथून १९२०च्या दशकातच संपलं). काळं अस्वल झाडावर सरसर चढतं, त्यामुळे झाडाला टांगलेली पिशवी त्याच्यापासून सुरक्षित नव्हेच. यलोस्टोन, ग्रँड टीटन आणि ग्लेशियरमध्ये काळं आणि ग्रिझली दोन्ही आहेत. अलास्कातल्या देनालीच्या टुंड्रात टांगायला झाडच नाही. तेव्हा 'अमुक ठिकाणी आम्ही असं केलं होतं' हे दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही. ज्या पार्कात जाताय तिथला नियम बुकिंगच्या दिवशीच वाचून ठेवा.

आता 'खाणं' म्हणजे काय? वास येणारी प्रत्येक वस्तू. चिवडा-लाडू तर झालेच. पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, खोबरेल तेल, ओले वाइप्स, वापरलेले डायपर, अगरबत्ती, कापूर, औषधी सिरप, च्युइंगगम, सोड्याचे न उघडलेले कॅन, कचऱ्याची पिशवी आणि रिकामा कूलरसुद्धा. रिकामा कूलर बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकदा कूलर म्हणजे खाणं हे कळलं, की अस्वल तो नुसता दिसला तरी गाडीची काच फोडतं. आत काही आहे की नाही हे त्याला फोडल्यावरच कळतं.

सिएराकर

चांगला धागा. योसेमिटीच्या कार कॅम्पिंगचं मी लिहितो, कारण बे एरियातली आपली बहुतेक कुटुंबं तिथूनच सुरुवात करतात.

तिथल्या प्रत्येक साइटवर लोखंडी फूड लॉकर असतो. आतलं माप साधारण ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच. घरून निघण्यापूर्वी कूलर टेपने मोजा. गडबड उंचीत होते : चाकांचे मोठे कूलर १८ इंचांच्या वर जातात आणि मग संध्याकाळी सात वाजता सगळं सामान बाहेर काढून बसायची वेळ येते. दोन मध्यम कूलर एका मोठ्यापेक्षा बरे. एकात पेयं, दुसऱ्यात जेवणाचं. पेयांचा कूलर सारखा उघडला जातो, जेवणाच्या कूलरमधला बर्फ टिकतो.

अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचा कणही ठेवायला योसेमिटीत परवानगी नाही. दिवसा चालतं, तेही काचा पूर्ण बंद आणि सामान बाहेरून दिसणार नाही असं झाकून. नियम मोडल्यास दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, गाडी जप्त होऊ शकते, साइटची परवानगी रद्द होऊ शकते.

हे नियम उगाच कडक झालेले नाहीत. १९९८ साली योसेमिटीत अस्वलांच्या १,५८४ घटना नोंदल्या गेल्या, त्यात गाड्या फोडल्याचे प्रकार भरमसाट. त्यानंतर लॉकर वाढवले, रात्रीच्या गस्ती वाढवल्या, आणि घटना काही टक्क्यांवर आल्या. २००१ ते २००७ मधल्या फोडलेल्या गाड्यांच्या नोंदींचा अभ्यास झाला, त्यात मिनिव्हॅनचं प्रमाण तिथे येणाऱ्या मिनिव्हॅनच्या मानाने फारच जास्त निघालं. अभ्यासकांनी दिलेल्या संभाव्य कारणांपैकी एक आपल्याला नीट लागू पडतं : मिनिव्हॅन म्हणजे लहान मुलं, आणि लहान मुलं म्हणजे सीटच्या फटीत सांडलेलं खाणं.

त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी व्हॅक्यूम करा. मुलाची कार सीट उचलून खाली बघा. तिच्या पट्ट्यांच्या खाचेत बिस्किटाचा चुरा, मनुका, चीजचे तुकडे हमखास सापडतात. कप होल्डरमधला वाळलेला ज्यूस ओल्या फडक्याने पुसा. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गम, केचपची पाकिटं, एअर फ्रेशनर काढा.

चांदणवेल

लॉकरबद्दल दोन शब्द माझेही.

कडी अशी असते की बोटं आवरणाच्या आत घालून आतली पट्टी दाबावी किंवा उचलावी लागते. अस्वलाचा पंजा आत जात नाही, म्हणून ती तशी केलीय. लहान मुलांना ती जमत नाही आणि मोठेही घाईत नुसतं दार लोटतात. दार लोटलं आणि कडी बसली नाही, तर लॉकर उघडाच. बंद केल्यावर दार एकदा बाहेर ओढून बघायचं, एवढी सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

आणि लॉकर फक्त रात्री लावायचा नसतो. स्वयंपाक चालू असताना, सगळे टेबलाभोवती बसलेले असतानाही तो बंदच हवा. लागेल ते काढा, लावा, परत काढा. कंटाळवाणं आहे, पण पंधरा माणसांच्या गटात प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी बघतोय, आणि पोळ्यांचा डबा पलीकडच्या टेबलावर एकटाच राहतो. गट मोठा असेल तर प्रत्येक जेवणाला एक माणूस फक्त सामानासाठी नेमा. त्याने भांडी घासायची नाहीत, मुलांमागे पळायचं नाही.

लॉकर भरताना रात्री लागणारं पुढे : बाळाचं दूध, सिरप, टूथपेस्टची पिशवी. कूलर मागे. कचऱ्याची पिशवी कॅम्पग्राउंडच्या कडीच्या कचरापेटीत रोज रात्री टाकून या, लॉकरमध्ये ठेवून वास धरू देऊ नका. डायपरही तिथेच. रात्री बदललेला डायपर तंबूत ठेवायचा नाही, झिप पिशवीत घालून लॉकरमध्ये.

मॉन्टानावाला

योसेमिटीहून थेट यलोस्टोनला येणाऱ्यांचा गोंधळ होतो म्हणून लिहितो. यलोस्टोनच्या कॅम्पग्राउंडवर खाणं टणक बॉडीच्या बंद गाडीत ठेवायला परवानगी आहे, किंवा साइटवर लॉकर असेल तर त्यात. योसेमिटीत जे रात्री बेकायदा, ते इथे चालतं. उलट स्प्रेचं : इथे बेअर स्प्रे (अस्वलावर फवारायचा मिरचीचा अर्क) जवळ हवाच, योसेमिटीत तो बाळगायलाच बंदी आहे. जीपच्या कापडी टपाखाली किंवा पिकअपच्या उघड्या हौद्यात ठेवलेलं मात्र 'गाडीत ठेवलं' असं धरत नाहीत.

बॅककंट्रीत, म्हणजे गाडीरस्ता सोडून आत मुक्काम करताना, ग्रिझलीच्या प्रदेशात तीन जागा वेगळ्या ठेवायच्या : झोपायची, रांधून खायची आणि सामान ठेवायची. झोपायची जागा बाकी दोन्हींपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९० मीटर लांब. मोठ्या माणसाची सव्वाशे-दीडशे पावलं. अंदाजाने केलं तर हटकून कमी पडतं, म्हणून पावलं मोजाच. वारा बघून स्वयंपाक तंबूच्या वाऱ्याखालच्या अंगाला. डोंगरात रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहते, त्यामुळे संध्याकाळनंतर तंबू चढाच्या बाजूला आणि चूल खाली, हे बहुतेक वेळा बरोबर येतं.

यलोस्टोनच्या ठरवून दिलेल्या बॅककंट्री साइटवर सामान टांगायला आडवा खांब किंवा लॉकर असतो. ग्लेशियरमध्येही टांगायची सोय असते : पिशवी जमिनीपासून किमान १० फूट वर आणि उभ्या खांबापासून ४ फूट लांब. दोरी तुमची तुम्ही न्यायची.

ज्या कपड्यांत स्वयंपाक केला त्यात झोपू नका. ते कपडेही खाण्याबरोबर टांगा.

रानमेवा

फोडणी टाळा, एवढंच सांगायला आले होते. तापलेल्या तेलाचा, हिंगाचा आणि कांद्याचा वास कपड्यांत आणि केसांत बसतो, तो चार तासांनी जात नाही. फोडणी घरून करून न्या : तेलात मोहरी-हिंग-हळद-कढीपत्ता करून गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत. वरून घातली की काम झालं. तळण तर नकोच, वापरलेलं तेल टाकणार कुठे?

पापड भाजायचा मोह होतोच. तोही नको.

सिएराकर

@रानमेवा, फोडणीचं अगदी बरोबर. त्यात उंचीचं जोडतो. योसेमिटीतलं ट्वालमी मेडोज साधारण ८,६०० फुटांवर आहे, तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय तुरीची डाळ शिजतच नाही, गॅस संपतो आणि तासभर वास पसरत राहतो. वर जाताना डाळ-तांदूळ घरी शिजवून डिहायड्रेटरमध्ये वाळवून न्या, किंवा मुगाची डाळ भाजून भरड काढून न्या. दहा मिनिटांत होणारं जेवण हाही अस्वलापासून बचावच आहे.

गिरिभ्रमर

योसेमिटीत चार दिवसांचा बॅककंट्री ट्रेक आहे, दोघं जण. बेअर कॅनिस्टर (अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा) सक्तीचा आहे असं परमिटवर लिहिलंय. कोणता घ्यावा? आणि दोघांचं चार दिवसांचं एकात मावतं का?

कातळकडा

सक्तीचाच आहे, आणि संपूर्ण विल्डरनेसमध्ये, म्हणजे पार्काच्या सगळ्या रानभागात. झाडाला टांगणं तिथे बेकायदा आहे. ग्रँड टीटनमध्ये १०,००० फुटांखाली बॅककंट्री मुक्कामाला कॅनिस्टर लागतो (जिथे लॉकर आहेत त्या साइट सोडून). रॉकी माउंटन नॅशनल पार्कात १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर वृक्षरेषेखाली (झाडं संपतात त्या उंचीच्या खाली) लागतो. ऑलिंपिकच्या समुद्रकाठच्या मुक्कामांनाही लागतो, तिथे अस्वलाइतकाच त्रास रॅकूनचा.

जास्त दिसणारे डबे :

बेअरव्हॉल्ट बीव्ही ५००. पारदर्शक पॉलिकार्बोनेट, ११.५ लिटर, सुमारे १.१६ किलो. तोंड रुंद, आतलं दिसतं, हत्यार न लागता उघडतो. लहान भाऊ बीव्ही ४५०, ७.२ लिटर, सुमारे ९४० ग्रॅम.

गार्सिया. काळा, जाड प्लास्टिकचा, दहाएक लिटरचा, सव्वा किलोच्या आसपास. झाकणावरचे दोन खटके नाण्याने फिरवायचे. तोंड अरुंद, आतलं दिसत नाही, पण थंडीत हमखास उघडतो. पार्कांच्या भाड्याच्या डब्यांत हा बरेचदा मिळतो.

बेअरिकेड. कार्बन फायबरचा, हलका, महाग. लांब पल्ल्याच्या ट्रेकवाल्यांसाठी.

चार दिवसांसाठी विकत घेऊ नका, योसेमिटीच्या विल्डरनेस सेंटरवर (परमिट मिळतं तिथेच) भाड्याने मिळतो. देनाली आणि ग्रँड टीटनमध्ये परमिटबरोबर वापरायला देतात.

हिशोब : एका माणसाला दिवसाला सुरुवातीचा अंदाज २ लिटर धरा, त्यात टूथपेस्ट वगैरे आलं. दोघं, चार दिवस, म्हणजे १६ लिटर. पहिल्या दिवशीचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण अंधारापूर्वी पोटात जाणार, ते डब्याबाहेर राहिलं तरी चालतं, फक्त नजरेसमोर हवं. शेवटच्या दिवसाचा नाश्ता आणि चालतानाचा खाऊच उरतो. म्हणजे ११-१२ लिटर. एका बीव्ही ५००मध्ये बसेल, पण नीट भरलं तरच. दोघांत एक मोठा आणि एक छोटा घेतलात तर चिंता नाही. वजन सांभाळायचं असेल तर भरणं शिका.

पाथरवट

भरण्याबद्दल. आपल्या खाण्यात हवा फार असते, तीच काढायची.

चुरमुऱ्याचा किंवा पातळ पोह्यांचा चिवडा नेऊ नका. एक लिटर जागेत शंभर ग्रॅमही बसत नाही. तेवढ्याच जागेत शेंगदाणे, खजूर, बेदाणे, डिंकाचे लाडू अर्धा किलोच्या वर बसतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५६५ कॅलरी, १०० ग्रॅम तुपात जवळपास ९००. दिवसाला माणशी ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, जर ते असं दाट असेल.

लाडू गोल नेले की मधे पोकळी राहते. मिश्रण झिप पिशवीत घालून लाटण्याने सपाट वडीसारखं करा. चिक्की फोडून चुरा. सातूचं पीठ, मेतकूट, दुधाची पावडर यांच्या पिशव्या फटी भरायला कामाच्या, त्या शेवटी घाला. ठेपले डब्याच्या तोंडापेक्षा लहान लाटा, म्हणजे चळत आडवी सरकवता येते. मोठे लाटलेत तर गुंडाळावे लागतात आणि मधली नळी वाया जाते. बाजारच्या तयार जेवणाच्या पाकिटांत हवा किंवा वायू भरलेला असतो. ती फोडून झिप पिशवीत घाला, बनवायची कृती पेनने पिशवीवर लिहा.

क्रम उलटा. शेवटच्या दिवसाचं तळाशी, पहिल्या रात्रीचं वर. सर्वांत वर तीन बोटं जागा टूथपेस्ट, सनस्क्रीन आणि कचऱ्यासाठी. ही जागा घरीच सोडा. डबा दाबून भरून निघालेल्या माणसाची टूथपेस्ट पहिल्या रात्री तंबूतच राहते, बाकी सगळं बरोबर केलं तरी.

तूप आणि लोणचं : स्क्रू झाकणाची जाड प्लास्टिक बाटली, तिच्यावर दोन झिप पिशव्या. दुपारच्या उन्हात तूप पातळ होतं आणि गळतं. आट्यांना लागलं की झाकण निसटायला लागतं, आणि बाहेरून तेलकट झालेला डबा म्हणजे अस्वलाला आमंत्रण.

गिरिभ्रमर

खूप उपयोगी. डबा रात्री ठेवायचा कुठे?

चांदणवेल

काळ्या अस्वलाच्या प्रदेशात तंबूपासून किमान शंभर फूट, म्हणजे ३० मीटर. ग्रिझली असेल तर वर सांगितलेले ९०. सपाट जागा, दोन दगडांच्या किंवा पडलेल्या ओंडक्याच्या बेचक्यात. कड्याजवळ नको, उतारावर नको, ओढ्याजवळ नको. डबा फुटत नाही, पण अस्वल तो ढकलत, गडगडवत नेतं. दरीत किंवा पाण्यात गेला की तुमचं जेवण संपलं.

दोरी बांधू नका आणि डबा पिशवीत घालून ठेवू नका. गोल गुळगुळीत डबा तोंडात धरता येत नाही, हाच त्याचा बचाव आहे. पिशवीचा पट्टा दिलात की अस्वल तो धरून उचलून नेतं. सॅकला बांधलेला डबाही सोडवूनच ठेवायचा.

उजळ रिफ्लेक्टर टेपचे दोन पट्टे आणि नाव लिहा. सकाळी शोधायचा असतो, आणि शेजारच्या तंबूचा डबा तसाच दिसतो. पाऊस असेल तर झाकण खाली करून ठेवा, गार्सियाच्या खोलगट झाकणात पाणी साठतं.

थंडीत बीव्हीचं झाकण उघडत नाही अशी तक्रार असते. प्लास्टिक ताठरतं आणि खटका दबत नाही. जुनं प्लास्टिक कार्ड खटका आणि झाकणाच्या मधे सरकवा आणि फिरवा, सुटतं. दगडाने ठोकू नका, तडा गेलेला डबा निकामी.

आणि डबा *लावलेला* असेल तरच डबा. दोन्ही खटक्यांचा आवाज ऐका.

मॉन्टानावाला

डब्याबद्दल एक भर. 'बेअर रेझिस्टंट' असं लिहिलेलं सगळंच खरं नसतं. इंटरएजन्सी ग्रिझली बेअर कमिटी (स्थापना १९८३) प्रमाणपत्र देते. मॉन्टानात वेस्ट यलोस्टोनच्या ग्रिझली अँड वुल्फ डिस्कव्हरी सेंटरमध्ये डब्यात खाणं भरून बंदिस्त ग्रिझलींपुढे टाकतात. अस्वलाचा प्रत्यक्ष हात लागलेली ६० मिनिटं टिकला तर पास. महागडे कूलरसुद्धा या यादीत आहेत, पण *कुलपासकट*. पुढच्या दोन्ही भोकांत कुलूप लावलं नाही तर तो साधा कूलर. दुकानदार हे सांगत नाही.

प्रमाणपत्र म्हणजे शंभर टक्के नव्हे. न्यूयॉर्कच्या अडिरॉन्डॅक्समध्ये येलो-येलो या नावाने ओळखली जाणारी एक काळी मादी बेअरव्हॉल्टचं झाकण खटका दाबून उघडायला शिकली होती. ताकद नव्हे, युक्ती. त्यामुळे स्थानिक रेंजर एखादा डबा चालणार नाही म्हणाले तर वाद घालू नका.

पाथरवट

अरसॅकचा विषय कुणीच काढला नाही. माझ्या मते बहुतेक ठिकाणी तोच शहाणपणाचा. अतिमजबूत पॉलिइथिलिनची विणलेली पिशवी, वजन डब्याच्या निम्म्याहून कमी, रिकामी झाली की घडी होते. प्रमाणपत्र आहे.

सिएराकर

@पाथरवट, योसेमिटीत अरसॅक चालत नाही, हे आधी ठळक लिहा. नाहीतर कुणीतरी तो घेऊन परमिटच्या खिडकीवर उभा राहील.

दुसरं, पिशवी फाटत नाही हे खरं, पण अस्वल ती चावत बसतं. आतल्या ठेपल्यांचा, औषधांच्या पट्ट्यांचा लगदा होतो, तूप फुटतं, लाळ आत झिरपते. रसाची चव मिळाली तर अस्वलाला बक्षीस मिळालंच. मग ते पुढच्या तंबूकडे जाणार. आपलं जेवण वाचवणं हा यातला छोटा भाग आहे. माणसाजवळ खाणं मिळतं हे एकदा शिकलेलं अस्वल धीट होत जातं, आणि त्याला शेवटी पार्कवाल्यांनाच मारावं लागतं.

पाथरवट

मुद्दा मान्य, योसेमिटीत नाही. पण जिथे चालतो तिथे नीट वापरला तर लगदा कमी होतो. ॲल्युमिनियमचा आतला पत्रा मिळतो, तो घाला. तोंड पूर्ण आवळून दुहेरी गाठ, बोट आत जाता कामा नये. मग मांडीएवढ्या जाड जिवंत झाडाच्या बुंध्याला, फांदीच्या बेचक्याच्या वर दोरी अडकवून फिगर एटच्या गाठीने बांधा. टांगायची नाही. सैल सोडली तर अस्वल उचलून नेतं. आत वास रोखणारी पिशवी घाला, पण तिच्यावर विसंबू नका. झिपला तुपाचा हात लागला की वास बाहेरच.

डोंगरभर फिरताना वजन महत्त्वाचं असतं, एवढंच माझं म्हणणं. लोक जड म्हणून डबा घरी ठेवून येतात, त्यापेक्षा पिशवी बरी.

सिएराकर

जिथे डबा सक्तीचा नाही तिथे ठीक. माझं मत मात्र डब्याचंच राहील. त्याला गाठ मारावी लागत नाही, त्यामुळे थकलेल्या माणसाच्या हातून चुकायला जागा कमी.

गिरिभ्रमर

आणि झाडाला टांगणं? अजून कुणी करतं का?

कातळकडा

करतात, जिथे दुसरी सोय नाही आणि परवानगी आहे तिथे. स्मोकी माउंटन्समध्ये बॅककंट्री साइटवर कप्पी आणि केबल लावलेल्या आहेत, त्या वापरा, स्वतःची दोरी बांधायची गरज नाही. इतरत्र बरी पद्धत ही :

१५ मीटर दोरी, एक कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), दोन दगड मावतील अशी छोटी पिशवी, आणि बोटाएवढी जाड, वीतभर काटकी. फांदी जमिनीपासून सहाएक मीटरवर, आणि खोडापासून दोन मीटरवर, जिथे पिशवी लटकेल, तिथे ती पिल्लाचं वजन पेलणार नाही इतकी बारीक.

दगडाची पिशवी दोरीला बांधून फांदीवरून टाका. खाली आलेल्या टोकाला कॅराबिनर, त्यात खाण्याची पिशवी. आता दोरीचं मोकळं टोक त्याच कॅराबिनरमधून ओवा आणि ओढा, पिशवी फांदीपर्यंत जाते. हात उंच करून जिथवर पोचेल तिथे मोकळ्या दोरीवर क्लोव्ह हिच गाठीने काटकी बांधा. हळूहळू दोरी सोडा. पिशवी खाली येते, काटकी वर जाऊन कॅराबिनरला अडते, पिशवी चार मीटरवर थांबते. दोरी कुठेही खोडाला बांधलेली नाही, त्यामुळे चावून तोडली तरी पिशवी पडत नाही. खोडाला बांधलेली दोरी चावून पिशवी पाडायला अस्वलं कधीच शिकलीत.

अडचण एकच, अशी फांदी मिळत नाही. सिएरात आणि रॉकीजमध्ये लॉजपोल पाइन आणि स्प्रूसच्या फांद्या आखूड, खाली झुकलेल्या असतात. त्यामुळे बहुतेकांचं टांगणं नावापुरतं असतं : मानेएवढ्या उंचीवर, खोडाला चिकटून. उजेड असतानाच फांदी शोधा. अंधारात हेडलॅम्प लावून दगड फेकत बसणं धोक्याचं, आणि पिशवी बरोबर बसलीय की नाही ते दिसत नाही.

मॉन्टानावाला

ग्लेशियरमध्ये १३ ऑगस्ट १९६७च्या रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींचा जीव घेतला. त्या काळात पर्यटकांना बघायला मिळावीत म्हणून अस्वलांना उष्टं-खरकटं टाकण्याची पद्धत होती. त्यानंतर कचरा, अन्न आणि कॅम्पसाइट यांचे नियम कडक होत गेले. आज जे खांब आणि लॉकर दिसतात त्यामागे ती रात्र आहे. नियम वाचताना कुणाला अती वाटलं तर हे आठवावं.

भांड्यांचं पाणी राहिलं. ते गाळा. गाळणीतले डाळ-भाताचे कण कचऱ्याच्या पिशवीत, पिशवी डब्यात. उरलेलं पाणी ओढ्या-तळ्यापासून २०० फूट लांब आणि तंबूपासून दूर पसरून फेका. शेकोटीत खरकटं जाळू नका, पूर्ण जळत नाही आणि राखेत वास राहतो. उरलंच नाही तर हे काहीच करावं लागत नाही, म्हणून घरी मोजून शिजवतो त्यापेक्षा मूठभर कमी शिजवा.

सह्यवारा

इथून हिमालयात जाणाऱ्यांसाठी काही? झंस्करचा बेत आहे.

कातळकडा

झंस्कर, सुरू, द्रास या भागांत हिमालयन तपकिरी अस्वल आहे. तिथे पार्कासारखे डबे-लॉकर नाहीत, सगळं तुमच्या आणि तुमच्या टीमच्या हातात. मोठी अडचण किचन टेंटची. धान्य, अंडी, भाज्या तिथेच, आणि खानसामा व मदतनीस थंडीमुळे तिथेच झोपतात. म्हणजे धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर तुमच्यासाठी राबणाऱ्या माणसांना. ट्रेक ठरवतानाच आयोजकाला सांगा की झोपायला वेगळा तंबू हवा, त्याचे पैसे आम्ही देऊ. धान्य कडी-कुलपाच्या पत्र्याच्या ट्रंकांत, रात्री तंबूंपासून लांब, एकत्र. अंड्यांची टरफलं, मांसाची हाडं कॅम्पच्या मागे खड्ड्यात पुरू नका, उकरून काढतात. पुढच्या गटाचा मुक्काम त्याच जागी असतो.

चांदणवेल

स्प्रेबद्दल एकदा स्पष्ट लिहून ठेवते, कारण हा गैरसमज सारखा दिसतो. बेअर स्प्रे तंबूवर, डब्यावर किंवा सॅकवर मारून ठेवायचा नसतो. तो डासांचं औषध नाही. अंगावर धावून येणाऱ्या अस्वलाच्या तोंडासमोर ढग करण्यासाठी आहे. मारलेला स्प्रे वाळला की त्यातल्या मिरचीच्या अर्काचा वास उलट अस्वलांना ओढून आणतो. घेताना किमान ७.९ औंसाचा, पट्ट्याला हाताशी लावून ठेवायचा, सॅकच्या तळाशी नाही.

रानमेवा

आणि तरीही रात्री लॉकरपाशी आलं तर?

सिएराकर

योसेमिटीचं काळं अस्वल कॅम्पमध्ये आलं तर सगळ्यांनी एकत्र उभं राहून जोरात ओरडा, भांडी वाजवा, त्याला पळायला वाट मोकळी ठेवा. पिल्लं असतील तर मधे येऊ नका. खाणं त्याच्या ताब्यात गेलं असेल तर परत घ्यायला जाऊ नका. रेंजरला कळवा, लपवू नका. दंडाच्या भीतीने न सांगितलेली घटना पुढच्या साइटवर जाते.

मॉन्टानावाला

हे ग्रिझलीला लागू नाही. तिथे आरडाओरडा नको, पळणं नको, हळू बोलत मागे सरका, स्प्रे हातात. पण रात्री तंबूत शिरून हल्ला झाला तर अस्वल कुठलंही असो, हाताला लागेल त्याने प्रतिकार करायचा.

गिरिभ्रमर

शेवटचा प्रश्न. विमानाने जाताना यातलं काय नेता येतं?

पाथरवट

बेअर स्प्रे नाही, हँडबॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. गॅसचे डबेही नाहीत, तिथे उतरल्यावर घ्या. तुम्ही योसेमिटीला चाललाय, तेव्हा स्प्रे घ्यायचाच नाही. स्टोव्ह नेत असाल तर धुऊन पूर्ण कोरडा करून चेक-इनमध्ये. रिकामा कॅनिस्टर नेता येतो. आत मोजे, थर्मल, स्टोव्ह भरा म्हणजे जागा वाया जात नाही. भाड्याचा घेणार असाल तर खाणं घरून २ लिटरच्या पिशव्यांत दिवसवार बांधून आणा, विल्डरनेस सेंटरच्या बाहेर बाकावर दहा मिनिटांत भरून होतं. आणि झाकण कसं उघडतं ते खिडकीवरच करून बघा, तिथून हलण्यापूर्वी.